‘दुर्गंधी’ म्हणून भागत नाही : बारामती-इंदापूरच्या बोलण्यातले वासाचे शब्द

वासासाठी मराठीत शब्द किती आहेत, त्यांतले आपण बोलताना किती वापरतो आणि लिहायला बसलो की त्यांतले किती उरतात, हा आजचा विषय आहे. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही तो बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरता घेतला. इथं वासांना तोटा नाही. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला, त्याच्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं आणि कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर ही नावं घेतली तरी हंगामातली हवा आठवते. निमगाव केतकीला पानमळे आहेत, भिगवणला मासळीचा बाजार आहे, गावोगाव गोठे आणि मुरघासाचे खड्डे आहेत. नाकाला इतकं काम असलेल्या मुलखात नाकाचे शब्दही भरपूर असणार. तसे ते आहेत. पण वर्तमानपत्र उघडा, ग्रामपंचायतीकडे दिलेला अर्ज वाचा, शाळेतला निबंध वाचा. तिथं दोनच शब्द भेटतात, सुगंध आणि दुर्गंधी.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. वासाबद्दल बोलताना आपण तीन प्रकारे बोलतो. पहिला प्रकार निकालाचा. वास चांगला की वाईट, एवढंच त्यातून कळतं: सुगंध, सुवास, दुर्गंध, घाण. दुसरा प्रकार मालकाचा. वास कुणाचा ते सांगायचं: मोगऱ्याचा वास, रॉकेलचा वास, शेणाचा वास. तिसरा प्रकार जातीचा, म्हणजे वास कोणत्या तऱ्हेचा आहे ते सांगणारा: खवट, कुबट, आंबूस, करपट, खमंग, वशट, उग्र. लिहिलेल्या मराठीनं पहिला प्रकार उचलून धरला, दुसरा जमेल तसा वापरला आणि तिसरा स्वयंपाकघरात आणि गोठ्यात सोडून दिला. नुकसान झालं ते इथंच.

सुरुवात ‘वास’ या साध्या शब्दापासून करू. कोशात हा शब्द निष्पक्ष आहे, वास चांगलाही असतो आणि वाईटही. पण बोलताना आपण एक बारीक गोष्ट करतो, आणि ती आपल्या लक्षातही येत नाही. ‘दुधाचा वास येतोय’ म्हटलं तर जवळपास कुठं तरी दूध आहे, कदाचित चुलीवर तापतंय. ‘दुधाला वास येतोय’ म्हटलं की दूध बिघडलंय. ‘भाजीचा वास सुटलाय’ म्हटल्यावर ताट वाढायला घ्यायचं, आणि ‘भाजीला वास येतोय’ म्हटल्यावर भाजी जनावरापुढं टाकायची. ‘चा’ आणि ‘ला’ एवढाच फरक. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मोठ्या अक्षरात छापलेला आपल्याला भेटत नाही, पण पाच वर्षांचं पोरही तो चुकत नाही. क्रियापदांचंही असंच आहे. वास ‘दरवळतो’ तो चांगला, ‘मारतो’ तो वाईट. ‘घमघमाट’ असतो तो पुरणपोळीचा, ‘भपकारा’ येतो तो गटाराचा नाही तर दारूचा. ‘दर्प’ म्हटलं की नाकावर चाल करून येणारा वास. ‘सुटतो’ आणि ‘येतो’ दोन्ही बाजूंचे. म्हणजे निकालच द्यायचा असला तरी बोलीकडं त्यासाठी किती तरी पायऱ्या आहेत, त्यासाठी ‘प्रचंड दुर्गंधी’ असं म्हणायची गरज पडत नाही.

आता ‘घाण’. हा शब्द संस्कृत ‘घ्राण’ वरून आला. घ्राण म्हणजे वास घेणं, किंवा वास घेणारं इंद्रिय, म्हणजे नाकच. प्राकृतातून येता येता त्या नाकाची मराठीत घाण झाली. आधी नुसता वास, मग वाईट वास, मग वाईट वास येणारी वस्तू आणि आता तर कोणतीही वाईट गोष्ट. ‘लय घाण रस्ता हाय’ यात नाकाचा काही संबंध राहिला नाही. पण या शब्दानं जाता जाता एक मोठं काम करून ठेवलं. तो दुसऱ्या शब्दांच्या शेपटीला जाऊन बसला. करपट आणि घाण मिळून ‘करपटाण’, खवट आणि घाण मिळून ‘खवटाण’, तसंच ‘आंबटाण’. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, हे घराणं भेटतं. भाषेनं वासासाठी स्वतंत्र साचाच करून ठेवला होता. विशेषण घ्या, शेवटी ‘आण’ लावा, वासाचं नाम तयार. आज साठीच्या पुढच्या बायकांच्या तोंडी असे शब्द येतात, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी येत नाहीत.

तिसऱ्या प्रकारच्या शब्दांकडं नीट पाहिलं की त्यांचं खरं वैशिष्ट्य दिसतं. ते वासाचं नाव सांगतात म्हणण्यापेक्षा वस्तू कोणत्या टप्प्यावर आली ते सांगतात. बेसन भाजायला घ्या. आधी कच्चा वास असतो. मग तो जातो आणि खमंग वास सुटतो. अजून थोडं पुढं खरपूस. तिथं हात थांबला नाही तर करपट, आणि त्याच्या पुढं जळका. पाच शब्द आणि विस्तवावरची पाच मिनिटं. सासू ओसरीवरून ‘करपट वास येतोय गं’ म्हणते तेव्हा ती वासावर मत देत नसते, कढई खाली उतरव असं सांगत असते. ओलाव्याचा जिना असाच आहे. खोली आधी कोंदट होते, मग कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागतो, मग बुरसट. दुधाचा आणि पिठाचा जिना वेगळा: ताजं, आंबूस, आंबट, नासकं. तेला-तुपाचा वेगळा: ताज्या कढवलेल्या तुपाचा वास एकीकडं, खवट दुसरीकडं. प्रत्येक जिन्याखाली एक वेगळी क्रिया चालू असते. करपणं उष्णतेचं काम आहे, आंबणं जिवाणूंचं, कुबटपणा ओल आणि बुरशीचा, आणि खवटपणा स्निग्ध पदार्थ हवेनं किंवा पाण्यानं मोडत गेल्याचा. रसायनशास्त्र शिकल्याशिवाय आपल्या आज्यांनी या क्रिया चार कप्प्यांत घालून ठेवल्या होत्या, आणि त्या कप्प्यांची गल्लत कुणी करत नव्हतं. शेंगदाणा खवट होतो, कुबट होत नाही. गोधडी कुबट होते, खवट होत नाही.

गुऱ्हाळावर हेच मोठ्या मापात दिसतं. चरकातून आलेल्या रसाला हिरवट वास असतो. काहिलीत उकळी आली की मळी वर येते, ती काढावी लागते, तोवर वास जड असतो. मग काकवीचा, मग पाकाचा वास. गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, पण त्याच्या आधी त्याचं नाक काम करून मोकळं झालेलं असतं. चुलवाणात जाळ जास्त झाला तर रंग बदलायच्या आत त्याला कळतं. त्याला ‘सुगंध’ या शब्दाचा काय उपयोग? पाकाचा वास सुगंधच आहे, पण दोन मिनिटांनी तो करपट होणार आहे. त्याला दोन मिनिटं आधीचा शब्द हवा असतो.

कुणी म्हणेल, वासाचे शब्द सगळ्याच भाषांत थोडे असतात, माणसाचं नाकच कमजोर. हा समज पाश्चात्त्य विद्वानांत बराच काळ होता. २०१४ साली आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट या दोघांनी मलाया द्वीपकल्पातल्या जहाई लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जहाई भाषेत डझनभर तरी शब्द असे आहेत की ते फक्त वासाची जात सांगतात, कोणत्याही एका वस्तूशी बांधलेले नाहीत. पेट्रोल, धूर आणि वटवाघळाची विष्ठा यांना मिळून त्यांचा एकच शब्द आहे, नाकाला झोंबणाऱ्या वासासाठीचा. तेच वास इंग्रजी बोलणाऱ्यांना हुंगायला दिले तर ते ‘याच्यासारखा, त्याच्यासारखा’ करत लांबलचक वर्णनं करत बसले. जहाई मंडळी एका शब्दात आणि एकमतानं उत्तर देत होती. आता आपला ‘खवट’ घ्या. खोबरं, शेंगदाणे, तूप, फरसाण, डोक्याचं तेल, या सगळ्यांना एकच शब्द. ‘वशट’ घ्या, मासा, अंडं, कच्चं मटण आणि नीट न घासलेलं भांडं. हे शब्द वस्तूंना बांधलेले नाहीत, वासाच्या जातीला बांधलेले आहेत. जहाईंकडं जे आहे म्हणून जगानं कौतुक केलं, त्यातलं बरंच आपल्या स्वयंपाकघरात पडून आहे.

मग लिहिणाऱ्या मराठीला हे का दिसलं नाही? याचा थोडा हिशोब मागं जाऊन करावा लागतो. शास्त्रापासून सुरुवात करू. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ पाठशाळेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. त्यात रंगांचे प्रकार सात आहेत, चवीचे सहा आहेत, आणि गंधाचे फक्त दोन, सुरभी आणि असुरभी. डोळ्याला सात, जिभेला सहा आणि नाकाला दोन! गंमत अशी की याच शास्त्रात गंध हा पृथ्वीचा खास गुण मानला आहे, म्हणजे मातीचं लक्षणच वास. इतका मान देऊनही विभागणी मात्र चांगला आणि वाईट एवढीच. आजच्या वर्तमानपत्रातला ‘दुर्गंधी’ हा शब्द त्या ‘असुरभी’चाच वंशज आहे.

दुसरीकडं काव्याची परंपरा. बारामतीचं नाव मराठी कवितेत मोरोपंतांमुळं आहे. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं ते कऱ्हेकाठी राहिले आणि तिथंच त्यांनी आर्या रचल्या, ‘केकावली’ रचली. त्यांच्या काळातल्या पंडिती कवितेला हवे असलेले वास ठरलेले होते: चंदन, कस्तुरी, कापूर, कमळ, केतकी. हे वाईट नव्हतं. या परंपरेनं ‘परिमळ’ सारखा शब्द सांभाळला, जो ज्ञानेश्वरीपासून चालत आलाय. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी सांगताना तिला फुलांतल्या मोगरीची आणि परिमळांतल्या कस्तुरीची जोड दिली. परदेशातून आलेल्या माणसाला आपली भाषा नाकानं आवडली, यापेक्षा मोठी पावती कोणती? अत्तरं आणि उटणी करण्याचं शास्त्रही मराठीत उतरलं होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाकडं अभ्यासकांचं लक्ष वेधलं, त्यावर जुन्या मराठीतली टीका आहे. म्हणजे वासावरचं तांत्रिक मराठी गद्य ही आजची हौस नव्हे, ती जुनी गोष्ट आहे. फक्त ते सगळं एकाच बाजूचं होतं. सुवासाला शास्त्र मिळालं, कवी मिळाले, आश्रयदाते मिळाले. खवट, कुबट आणि आंबूस यांच्या वाट्याला फक्त बायका, गुराखी आणि कोशकार आले.

आधुनिक कवितेनं यात एक भर घातली ती ‘गंध’ या शब्दाची. ‘वास’ घरगुती वाटायला लागला म्हणून ‘गंध’ वर चढला. विंदा करंदीकरांच्या १९५४ सालच्या संग्रहाचं नाव ‘मृद्गंध’. पहिल्या पावसाच्या वासाला हा शब्द आता इतका चिकटलाय की जून महिन्यात प्रत्येक मोबाइलवर तो एकदा तरी येतो. शब्द सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याची दुसरी बाजू बघा. मातीच्या त्या वासाला इंग्रजीत नाव मिळालं १९६४ साली, दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांकडून. पुढच्याच वर्षी त्यातल्या मुख्य रेणूला ‘जिओस्मिन’ हे नाव पडलं. मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात. माणसाचं नाक त्याला इतकं तिखट आहे की एका लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो. हाच जिओस्मिन पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळही तयार करतं. उजनी धरणात, १९८० साली पूर्ण झालेल्या, पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेच्या वाटेनं येतं, उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं. अशा पाण्यात वाढलेल्या माशाला जो चिखलाचा वास येतो, त्याच्यामागं बहुतेक वेळा हाच रेणू असतो. म्हणजे शेतात ज्याला आपण मृद्गंध म्हणून डोळे मिटतो, त्यालाच ताटातल्या चिलापीत ‘मातकट वास येतोय’ म्हणून बाजूला सारतो. रेणू एकच, निकाल दोन. आता सांगा, इथं कोणता शब्द खरा कामाचा? ‘सुगंध’ही नाही, ‘दुर्गंधी’ही नाही. ‘मातकट’ हा शब्द दोन्हीकडं चालतो, कारण तो निकाल देत नाही, जात सांगतो.

आता आपण मुख्य मुद्द्यावर येऊ, म्हणजे कागदावर. तालुक्याच्या पानावर वर्षातून किती तरी वेळा बातमी येते: ‘दुर्गंधीमुळे नागरिक हैराण’, ‘आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर’. अर्जातही तेच. ‘परिसरात प्रचंड दुर्गंधी पसरली असून…’ पुढं सह्या. अशी बातमी आणि असा अर्ज वाचून अधिकाऱ्याला काय कळतं? लोकांना आवडलं नाही, एवढंच. ओढ्याच्या पाण्याला वास आहे, तर तो कसला? उसाच्या पट्ट्यात शक्यता अनेक असतात. मळीपासून मद्यार्क करताना एक लिटर मद्यार्कामागं साधारण आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघतं, गडद तपकिरी. ते ताजं असताना त्याचा वास करपलेल्या गोडाचा, काकवी लागल्यासारखा. तेच हवा न लागता साचून राहिलं की त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड होतो आणि वास सडक्या अंड्याचा येतो. गावच्या गटाराचं पाणी मिसळलं असेल तर वास वेगळा, मुताचा आणि साबणाच्या शिळ्या पाण्याचा. कोंबडीखत पडलं असेल तर अमोनिया, डोळ्यात पाणी आणणारा. मेलेलं जनावर असेल तर कुजका. हे सगळं एका ‘दुर्गंधी’त कोंबलं की ज्याच्यावर बोट ठेवायचं तो निसटतो. प्रत्येक जण म्हणू शकतो, ती आमची नव्हे.

इथं कुणी म्हणेल, शासनाला आकडे लागतात, शब्द कशाला? पण वासाच्या बाबतीत शासनाकडंही आकडा फारसा नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक घ्या, आयएस १०५००, त्याची २०१२ ची आवृत्ती. रंगाला आकडा, गढूळपणाला आकडा, सामूला, म्हणजे पीएचला, ६.५ ते ८.५ अशी हद्द. वासासमोर मात्र आकडा नाही, एक विशेषण आहे, वास ‘मान्य होण्यासारखा’ असावा, एवढंच. म्हणजे जिथं सगळीकडं यंत्र चालतं तिथं वासासाठी सरकारनंही भाषेवरच भरोसा ठेवलाय. मग ती भाषा आपणच बोथट करून टाकली तर दोष कुणाचा?

दुसरा प्रसंग रोजचा आहे, सकाळ-संध्याकाळचा. दूध संकलन केंद्र. फॅट यंत्रावर, एसएनएफ यंत्रावर, वजन काट्यावर, सगळं पावतीवर छापून येतं. पण त्याच्या आधी किटलीचं झाकण उघडून नाक जवळ नेलं जातं आणि ‘दुधाला वास आहे’ म्हटलं की विषय संपला. त्या तीन शब्दांना पावती नाही आणि अपीलही नाही. आता या ‘वासा’चे प्रकार बघा. आंबूस असेल तर दूध वेळेत थंड झालं नाही, किंवा भांडं नीट धुतलं नाही. खवट असेल तर दुधातला स्निग्धांश मोडायला लागलाय. मुरघासाचा वास असेल तर तो धारेच्या आधी खाऊ घातला, धार काढून झाल्यावर घातला असता तर आला नसता. गोठ्याचा असेल तर हवा खेळत नाही. औषधाचा असेल तर जनावराचं औषध चालू आहे आणि ते दूध घालायलाच नको होतं. पाच वास, पाच कारणं, पाच उपाय. ‘वास आहे’ एवढ्यावर शेतकऱ्याला फक्त नुकसान कळतं, उपाय कळत नाही. केंद्राच्या वहीत एक रकाना वाढवला आणि त्यात ‘आंबूस’ किंवा ‘खवट’ असा एक शब्द लिहायचा नियम केला, तरी गोष्ट बदलेल. मुरघासाचं तर पूर्ण शास्त्रच नाकावर आहे. चांगल्या मुरघासाला आंबट-गोड वास असतो, बिघडलेल्याला खवट लोण्यासारखा, हवा शिरलेल्याला कुबट. कृषी विज्ञानाची माणसं शेतकऱ्याशी बोलताना हेच शब्द वापरतात, कारण तिथं ‘दुर्गंधीयुक्त’ म्हणून कुणाचं काम भागत नाही.

तिसरा मुद्दा जिवाचा आहे. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज इथं शेणामुताच्या टाकीत उतरलेले चौघे गुदमरून गेले. त्या दुर्घटनेवर इथं भाष्य करायचं नाही, ती घरं आपल्याच भागातली आहेत. पण अशा टाक्यांबद्दल एक गोष्ट प्रत्येक गोठ्यावर सांगितली गेली पाहिजे. सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड हवेत अगदी थोडा असताना नाकाला लगेच कळतो. पण त्याचं प्रमाण साधारण शंभर पीपीएमच्या पुढं गेलं की तो नाकच बधिर करतो. वास ‘गेला’ असं वाटतं, आणि तोच सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. मिथेनला तर वासच नाही. घरच्या गॅस सिलिंडरमध्ये मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं वासाचं रसायन घालतात, गळती नाकाला कळावी म्हणून. आपल्या बोलण्यात ‘वास गेला’ म्हणजे ‘बरं झालं’ असा अर्थ रुजलाय, कारण वास म्हणजे नकोशी गोष्ट असं आपण ठरवून टाकलंय. वास हा निरोप आहे असं मानणारी भाषा असती तर निरोप अचानक बंद का झाला, असा प्रश्न तिला पडला असता.

शेवटचा मुद्दा माणसांचा. निकालाचे शब्द वस्तूंवरून माणसांवर फार लवकर घसरतात. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगार येतात, फडाजवळ कोप्या टाकतात. त्या वस्तीबद्दल ‘तिकडं घाण असते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या वाक्यात पाण्याचा नळ नाही, शौचालय नाही, पहाटे तीनला उठून तोडीला जाणारी बाई नाही. ‘तिथं सांडपाणी साचून कुबट वास येतो’ असं म्हटलं तर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, सांडपाण्याला वाट का नाही? जात सांगणारा शब्द कारणाकडं नेतो, निकाल देणारा शब्द माणसाकडं बोट दाखवून थांबतो. ‘वशाट खाणाऱ्यांना खोली मिळणार नाही’ हेही असंच. ‘वशट’ हा एका वासाचा नेमका शब्द, पण तो माणसाच्या कपाळी चिकटवला की त्याचा नेमकेपणा संपला, तो शिक्का झाला. मराठीत याला उत्तर दिलं ते दलित साहित्यानं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ सालचा, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. ज्या वस्त्यांकडं मध्यमवर्गीय कविता नाक दाबून पाहत होती, तिथं राहणाऱ्यांनी स्वतः लेखणी उचलली, आणि त्यांच्याबरोबर तिथले शब्दही पुस्तकात आले. टीकाकारांनी त्या भाषेच्या धक्क्याची चर्चा पुष्कळ केली, तिच्या नेमकेपणाची त्या मानानं कमी केली. आम्हाला तो नेमकेपणा जास्त महत्त्वाचा वाटतो.

एका आक्षेपाचं उत्तर देऊन थांबतो. आक्षेप असा की हे शब्द व्यक्तीगणिक बदलतात, एकाचा उग्र वास दुसऱ्याला छान वाटतो, मग त्यांच्यावर विसंबायचं कसं? खरं आहे, ‘छान’ आणि ‘वाईट’ व्यक्तीगणिक बदलतात. मेथीचा, हिंगाचा, सुकटीचा वास कुणाला आवडतो, कुणाला नाही. पण सुकटीचा वास वशट आहे यावर आवडणाऱ्याचं आणि नावडणाऱ्याचं एकमत असतं. भांडण निकालावर होतं, जातीवर होत नाही. म्हणजे ज्या शब्दांना आपण अडाणी, बोलीतले, ढोबळ म्हणून कागदाबाहेर ठेवलं ते जास्त पक्के निघाले, आणि ज्यांना प्रमाण म्हणून आत घेतलं तेच डळमळीत.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. ओढ्याच्या वासाबद्दल अर्ज लिहायचा असेल तर ‘प्रचंड दुर्गंधी’ खोडा आणि चार गोष्टी लिहा: वास कोणत्या जातीचा, तो कधीपासून कधीपर्यंत येतो, वारा कोणत्या बाजूचा असतो, आणि वास बदलतो का. ‘रात्री दहानंतर, वारा पश्चिमेचा असताना, आधी करपलेल्या काकवीसारखा आणि पहाटे सडक्या अंड्यासारखा’ हे एक वाक्य शंभर सह्यांपेक्षा जड आहे, कारण ते तपासता येतं. तालुक्याच्या बातमीदारांनाही हीच विनंती. शिक्षकांना विनंती अशी की निबंधात पोरानं ‘गोठ्यात आंबूस वास येत होता’ लिहिलं तर त्याखाली लाल रेघ मारून ‘दुर्गंधी’ करू नका. आणि ज्यांच्या घरात आजी आहे त्यांनी तिच्या तोंडचे ‘आण’वाले शब्द वहीत टिपून ठेवा, ते कोणत्या वस्तूबद्दल आणि कोणत्या वेळी वापरले तेही लिहा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा त्या वह्या घेऊन या, यादी मिळून करू.

आता प्रश्न असतील तर विचारा.